अर्धा डोस

डॉक्टरणीनं दुसरी सिरिंज भरली, उभी धरून हवा काढली आणि डाव्या अंगठ्यानं घोड्याच्या मानेवरची शीर दाबून धरली. शीर लगेच फुगून वर आली. आता सुई घालायची, एकामागून एक दोन्ही सिरिंज रिकाम्या करायच्या आणि पटकन बाजूला व्हायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानंतर घोड्याला काही कळत नाही. पुढचं जे काही असतं ते माणसांनी सोसायचं असतं.

"इथे नाही, डॉक्टर."

मैदानाचे सेक्रेटरी धावत आले होते. त्यांच्या वयाच्या आणि त्यांच्या पोटाच्या माणसानं शेवटच्या वळणापर्यंत धावत येणं म्हणजे खायचं काम नव्हतं. पुढचं वाक्य बाहेर पडेपर्यंत ते दोनदा कमरेवर हात ठेवून थांबले.

"इथे नाही. नवा नियम आहे. गाडी येतेय."

"गाडीचा काय उपयोग?" ती म्हणाली. "नळीचं हाड तीन ठिकाणी गेलंय. कातडीबाहेर आलंय. बघा ना."

सेक्रेटरींनी घोड्याकडे बघितलं नाही. त्यांनी समोरच्या स्टँडकडे बघितलं. पाचवी शर्यत संपली होती, कोण जिंकलं याच्याशी आता कुणाला देणंघेणं नव्हतं, आणि हजारभर माणसं कठड्याला टेकून हातातले मोबाइल वर धरून उभी होती.

घोडा तीन पायांवर उभा होता. पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच लोंबत होता आणि तो टेकवून बघायची त्याची खटपट काही थांबत नव्हती. टेकवायचा, दचकायचा, पुन्हा टेकवायचा. पाय असा अचानक दगा देईल हे त्याला पटतच नसावं. शर्यतीच्या कागदावर त्याचं नाव चांगलं लांबलचक आणि राजेशाही होतं. तबेल्यात मात्र सगळे त्याला चोर म्हणत, कारण जवळ येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात तो तोंड घालायचा. गाजर, रुमाल, एकदा तर त्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराचा चष्मा.

"नको रे चोरा," मोतद्दार त्याचा लगाम दोन्ही हातांनी धरून म्हणत होता. "नको टेकवू. नको ना."

"पडदा लावा," डॉक्टरीण म्हणाली.

हिरव्या कापडाचा तो उंच पडदा धरून चार माणसं मागे उभी होती. त्यांनी तो उलगडला नाही. चौघांनीही सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघितलं.

"पडदा नाही," सेक्रेटरी म्हणाले. "पडदा लागला की लोक समजायचं ते समजतात. आता शाळेतल्या पोरालाही माहितीय पडद्यामागे काय होतं ते."

हे मात्र खरं होतं. आणि ते साऱ्या शहराला शिकवलं होतं तिनंच.

मागच्या वर्षी याच मैदानावर एका तपकिरी घोडीचा खांदा मोडला. पडदा लागला, डॉक्टरणीनं आपलं काम केलं. पडल्यापासून तीन मिनिटांत घोडी सुटली. ते काम चोख झालं होतं. त्या दिवशी घरी जाताना तिला वाईट वाटत होतं, पण लाज वाटत नव्हती. तिला एवढंच माहीत नव्हतं, की मध्येच वाऱ्यानं पडद्याचं एक टोक उडालं होतं आणि तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं होतं. गुडघ्यावर बसलेली एक बाई, तिच्या हातात हातभर सिरिंज, आणि तिच्यासमोर हळूहळू खाली बसत गेलेली घोडी. चौदा सेकंद. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत ते सगळ्यांनी पाहिले होते आणि तीस वर्षं डॉक्टर म्हणून वावरलेल्या बाईचं नाव पडलं होतं, सुईवाली.

आधी तिनं ते हसण्यावारी नेलं. लिफ्टमध्ये ती शिरली की वरच्या मजल्यावरच्या बाई आपलं कुत्रं चटकन उचलून पोटाशी धरायच्या. औषधवाला तिच्या हातात खोकल्याची बाटली देतानाही उगीच दबकून बघायचा. चालायचंच, असं ती म्हणायची. पण भुंगीचं तिला हसण्यावारी नेता आलं नाही.

भुंगी तिच्या बहिणीची मुलगी. बहीण एक मजला खाली राहायची, आणि पोर निम्मी खाली, निम्मी वर वाढली होती. कानाशी सतत प्रश्नांची गुणगुण लावते म्हणून मावशीनंच तिला हे नाव ठेवलं होतं. सातव्या वर्षापासून ती मावशीच्या मागे मागे तबेल्यात यायची, गुडघ्यापर्यंत येणारे मोठ्या माणसाचे बूट घालून. मोठी होऊन हीसुद्धा जनावरांची डॉक्टर होणार, हे घरात सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. तो व्हिडिओ बघितला त्या दिवशी ती मोबाइल हातात घेऊन वर आली.

"ही तू आहेस?"

"मीच."

"तू प्रयत्नसुद्धा केला नाहीस, मावशी. आलीस आणि टोचलंस."

मावशीनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. अर्ध्या टनाचं जनावर महिनोन्‌महिने आडवं निजू शकत नाही. तीन पायांवर भार पडला की ते तीनही जातात. आतडी थांबतात. बरं करायच्या नावाखाली त्याला रोज थोडं थोडं मारावं लागतं. भुंगीनं कानांवर हात ठेवले, अगदी खरोखरचे, लहानपणी औषध घ्यायच्या वेळी ठेवायची तसे. त्यानंतर ती दर शनिवारी मैदानाच्या फाटकाशी पिवळा शर्ट घालून, हातात फलक घेऊन उभी राहू लागली. जिन्याच्या वीस पायऱ्या ती वर्षभर चढली नाही. बहीण बिचारी दोघींच्या मध्ये भरडली गेली. वर भाजी पाठवायची ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातून.

फाटकावरची गर्दी वाढत गेली तशी मैदानवाल्यांच्या पायाखालची वाळू सरकली. समिती नेमली गेली. समितीत एक जाहिरातवाला होता, दोन निवृत्त साहेब होते, एक वकीलबाई होत्या. घोड्यांचा डॉक्टर नव्हता, मोतद्दार तर नव्हताच. नियम ठरला तो असा, की कुठल्याही घोड्याला लोकांच्या नजरेसमोर संपवायचं नाही. पडलेला घोडा उभ्यानं गाडीत चढवायचा, लोकांना तो जिवंत दिसला पाहिजे, आणि पुढचं काय ते आत बघायचं. पिवळ्या शर्टवाल्यांनी आपला पहिला विजय म्हणून एकमेकांना मिठ्या मारल्या. समितीत नसली तरी त्या कागदावर डॉक्टरणीचीही सही होती. न वाचता केलेली नव्हती. वाचून, समजून केलेली होती.

पांढरी गाडी वळणावर येऊन थांबली. तिच्या बाजूला काचेची मोठी खिडकी होती, ती मुद्दाम करून घेतलेली.

सेक्रेटरी जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर, अजून एक व्हिडिओ झाला तर मैदानाला कुलूप लागेल. मग साडेतीनशे घोडे कुठे जातील ते मी तुम्हाला सांगायला नको."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचाही घोड्यांवर जीव होता; प्रत्येक घोड्याचा आई-बाप त्यांना तोंडपाठ असायचा. म्हणूनच त्यांच्यावर रागवायची सोय नव्हती.

"आणि ते गुंगीचं," ते म्हणाले, "जरा बेतानं द्या. मागे रंगीत तालमीला तुम्ही पुरा डोस दिलात, तर त्या घोड्याची मान पार खाली लोंबली. खिडकीतून बघणाऱ्याला वाटलं, गेलाच. मान वर दिसायला पाहिजे."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. कठड्याशी पिवळे शर्ट उभे होते. निरीक्षक म्हणून आता त्यांना आत येऊ देत. त्यांत खालच्या दांडीवर पाय ठेवून भुंगी उंच झाली होती. ती ओरडत नव्हती. तिच्या हातात फलकही नव्हता. ती नुसती मावशीच्या हाताकडे बघत होती.

डॉक्टरणीनं दोन्ही सिरिंजना टोपणं लावली आणि त्या पिशवीत परत ठेवल्या.

काळजावर दगड ठेवून, असं म्हणायची पद्धत आहे. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला हलकं वाटलं. वर्षभरानं पहिल्यांदा हजार माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिच्या हातात सुई नव्हती. मग तिनं गुंगीची बाटली काढली, आणि लागतं त्याच्या निम्मं औषध भरलं.

"बाई," मोतद्दार म्हणाला, "टोचा ना ते. कशाची वाट बघताय?"

"गाडीत चढवायचंय आधी."

"कशाला?"

तिनं गुंगीचं तेवढं टोचलं. पायाला पट्ट्या बांधून आधार दिला. गाडीची उतरती फळी खाली आली आणि तीन पायांवर उड्या मारत चोर वर चढला. पळायला शिकवलेला घोडा, माणूस म्हणेल तिकडे जायचं एवढंच त्याला ठाऊक. चढताना तो मोडका पाय फळीच्या कडेला आपटला तेव्हा पडदेवाल्यांपैकी एकानं तोंड फिरवलं.

पोटाखालून रुंद पट्टा ओढून त्याला उभा धरला. एका बाजूला डॉक्टरीण, दुसऱ्या बाजूला मोतद्दार. मागच्या फाटकानं गेलं असतं तर भिंतीपलीकडची शेड दोन मिनिटांवर होती. पण गाडी उलटी वळली, स्टँडच्या दिशेनं, आणि वरातीच्या चालीनं निघाली.

"इकडून कुठे?" मोतद्दारानं विचारलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

घोडा ओरडत नाही. ओरडत नाही म्हणजे दुखत नसेल, असं लोकांना वाटतं. घोडा दात खातो. गाडी निम्म्या वाटेवर आली तशी अर्ध्या डोसाची गुंगी उतरायला लागली आणि तो कराकरा आवाज गाडीच्या आत भरून राहिला. बाहेर तो ऐकू जायची शक्यताच नव्हती, कारण बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. भोंग्यावरून सांगत होते, घोडा शुद्धीत आहे, स्वतःच्या पायांवर उभा आहे, आपल्या डॉक्टर त्याच्यासोबत आहेत. टाळ्यांचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्यानं कान टवकारले आणि मान वर केली. खिडकीत ती मान बघून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. लहान मुलांना खांद्यांवर घेतलं गेलं.

मोतद्दारानं घोड्याच्या डोळ्यांवर आपला हात धरला. मग त्यानं काचेकडे पाठ केली.

पिशवी तिच्या पायाशीच होती. दोन भरलेल्या सिरिंज, वाकलं की हाताला लागतील अशा. ती वाकली नाही. तिनं घोड्याच्या खांद्यावर तळहात ठेवला होता, आणि तो खांदा थरथरत होता. स्टँड संपेपर्यंत ती समोर बघत राहिली. कुणी फोटो काढलाच असेल तर त्यात ती फार शांत दिसली असेल.

भिंतीमागच्या शेडमध्ये पोचेपर्यंत पाय मोडल्याला बावीस मिनिटं झाली होती. तिनं घड्याळ बघितलं, कारण वेळ लिहावी लागते. मग दोन्ही सिरिंज रिकाम्या केल्या. चोर खाली बसला, आडवा झाला, आणि त्याचं दात खाणं थांबलं.

मोतद्दार त्याच्या डोक्याशी उकिडवा बसून तोंडावरची पट्टी सोडवत होता. बक्कल घामानं घट्ट झालं होतं, त्याला वेळ लागला. तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

"मागच्या वर्षीची ती तपकिरी," तो शेवटी म्हणाला, "ती नशिबाची होती, बाई."

एवढं बोलून तो उठला आणि चोराची जागा धुवायला तबेल्याकडे गेला.

रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात भुंगी उभी होती. तिच्याकडे या घराची किल्ली होती, सातवीपासून होती.

"किल्ली हरवलीस का गं?"

"नाही, आहे. म्हटलं, विचारून यावं."

"शहाणीच आहेस. ये."

भुंगी आत आली आणि पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला बसली. डॉक्टरणीला काय करावं ते सुचेना, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. दोघींच्या मध्ये ओटा होता, ते बरंच होतं.

"अंडं चालतं ना अजून? की तेही सोडलंस?"

"चालतं. ऑम्लेट कर. कांदा बारीक चिर, तू नेहमी जाडा चिरतेस."

"वर्षानं आलीस ती खोड्या काढायला."

दोघी हसल्या. हसता हसता भुंगीचे डोळे भरून आले.

"मी काल बघितलं तुला," ती म्हणाली. "तू सिरिंज भरली होतीस. आणि मग परत ठेवलीस. मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर. सगळे म्हणाले, तुझीच मावशी ना?"

डॉक्टरीण कांदा चिरत राहिली.

"कसा आहे तो?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. सकाळपासून ती त्याची तयारी करत होती. मैदानवाल्यांनी अजून उपचार सुरू आहेत एवढंच सांगितलं होतं. बुधवारपर्यंत सांगत राहणार होते, मग कुठल्यातरी कोपऱ्यात दोन ओळी छापून यायच्या. पण भुंगीशी ती खोटं बोलणार नव्हती. आजवर बोलली नव्हती. तिनं गॅस बंद केला.

"गेला," ती म्हणाली.

"केव्हा?"

"कालच. भिंतीमागे शेड आहे ना, तिथे. मीच दिलं इंजेक्शन."

डॉक्टरीण तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आता ही उठेल, दार आपटेल आणि जिना उतरून जाईल. जाऊ दे. पण एकदा सगळं सांगून टाकू, मग जाऊ दे.

"किती वेळानं?" भुंगीनं विचारलं.

"बावीस मिनिटांनी."

"बावीस मिनिटं," भुंगी म्हणाली. तिनं डोळे पुसले. आणि मग तिचा चेहरा बदलत गेला, पण डॉक्टरीण ज्याची वाट बघत होती तसा नाही. ती उठून ओट्याला वळसा घालून आत आली. "बावीस मिनिटं तू प्रयत्न केलास, मावशी."

"भुंगी, तसं नसतं ते..."

"असू दे. नाही वाचला. सगळेच थोडे वाचतात? पण तू सोडलं नाहीस त्याला. मला तेवढंच हवं होतं गं. मी वर्षभर तेवढंच म्हणत होते."

तिनं मावशीचं मनगट धरलं. नखं अजून खातच होती. बोटांची टोकं खडबडीत लागली.

एका वाक्याचं काम होतं. प्रयत्न वगैरे काही नव्हता, बाळा, मी त्याला तुमच्यासमोरून फिरवून आणला. वाक्य तयार होतं, अगदी तोंडापर्यंत आलेलं. त्याच्यामागे दुसरंही होतं, अर्ध्या डोसाचं. डॉक्टरीण ती वाक्यं मनात म्हणत होती आणि मनगटावरचा हात सुटू नये म्हणून जरासुद्धा हलत नव्हती.

"त्याला फार त्रास नाही ना झाला?" भुंगीनं विचारलं. "म्हणजे दुखू नये म्हणून तू काहीतरी दिलं असशीलच ना?"

"दिलं होतं," ती म्हणाली.

मग तिनं गॅस पेटवला. ऑम्लेटची एक बाजू करपली. भुंगीनं ते पावाबरोबर सगळं खाल्लं, आणि खाता खाता ती पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली. बाहेरगावच्या दोन मैदानांवरही आता हाच नियम येणार होता. तिला तिकडे बोलायला बोलावलं होतं. मावशीचं उदाहरण देणार होती ती. डॉक्टर लोकांना फक्त वेळ हवा असतो, तो त्यांना कुणी देतच नाही, असं काहीसं बोलायचं ठरवलं होतं तिनं. बरोबर आहे ना?

डॉक्टरीण तिची बशी धुवत होती. आपण आत कुठेतरी पार मोडून पडलोय हे तिला कळत होतं, आणि पोर घरात आहे याचा आनंदही त्याच वेळी होत होता. त्या आनंदाची तिला जास्त शरम वाटली. बशी स्वच्छ झाली तरी ती नळाखालून काढेना.

"बरोबर आहे ना, मावशी?"

"अं? हो."

निघताना भुंगीनं दारात चपला चढवल्या. एक पाय बाहेर टाकून ती थांबली.

"शनिवारी आम्ही सगळे येतोय. फलक नाही आणणार या वेळी. म्हणजे एकही घोडा न पडो, पण पडलाच, आणि तू त्याच्याबरोबर गाडीतून गेलीस ना, की आम्ही सगळे उभं राहून टाळ्या वाजवणार आहोत. तुझ्यासाठी."

डॉक्टरणीचा हात दाराच्या कडीवर होता. तिनं भाचीकडे बघितलं. उन्हात उभं राहून राहून पोरीचं नाक सोललं होतं.

"टोपी घालून ये," ती म्हणाली. "तिथे सावली नसते."